तीन रकाने

तक्त्याला तीन रकाने असतात.
आधी काय झालं.
त्याने काय केलं.
नंतर काय झालं.

मधला भरायला सोपा.
ताट फेकलं. मटार छतापर्यंत.
दाराची काच. माझं मनगट, चार टाके.
तिसराही सोपा: खोलीत नेलं, शांत झाला, चहा दिला.
पहिल्यात मी सात महिने
एकच शब्द लिहीत आले:
विनाकारण.

बर्नीचं बंदर आमच्या स्वयंपाकघरातून दिसतं,
लाकडाच्या चिपांचा भलाथोरला ढीग,
जून महिन्यात पाच वाजताच काळोखात जाणारा.
लिंडसे रोज त्याच खुर्चीत बसतो, ढिगाकडे तोंड करून.
वय अठ्ठावन्न. शब्द अकरा,
त्यातले तीन जहाजांसाठी.
शब्द संपले की हात.

रोवेना महिन्यातून दोनदा यायची, हॉबार्टहून,
चार तास गाडी चालवून.
मला वाटलं, आणेल काहीतरी त्याच्यासाठी,
चिकटवायच्या चांदण्या, बक्षिसांची पाटी.
ती स्टुलावर बसली, आमच्याबरोबर मटार सोलले,
आणि बघत राहिली.
त्याला नाही.
मला.

तिसऱ्या खेपेला म्हणाली,
तुमच्या कमरेला काय वाजतं?

किल्ल्या.
औषधांच्या कपाटाची, गाडीची, मागच्या दाराची,
माझ्या घराची,
आणि एक कशाचीच नसलेली, फेकवत नाही म्हणून ठेवलेली.
सात महिने मी त्या वाजवत हिंडले
आणि मला ऐकू आल्या नाहीत,
स्वतःच्या घराचा वास जसा
स्वतःला येत नाही.

त्याची बहीण नेरिडा फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, सहाव्या वर्षी ठेवला त्याला त्या इमारतीत.
तिथे जेवणघराला कुलूप लागायचं.
किल्ल्या वाजल्या
की ज्याचं ताट संपलं नसेल
त्याचंही संपलं.

योजना सोळा पानांची झाली.
वर त्याचं नाव, आत पानोपानी मी.
किल्ल्या रुमालात बांधून खिशात ठेवाव्यात.
दारात उभं राहू नये, बसावं.
त्याचं ताट तोच उचलेल,
रात्रीचे नऊ वाजले तरी.
झालं का, असं विचारू नये.

मला राग आला. तोही लिहून ठेवते.
टाके माझ्या हाताला
आणि वळण लावायचं ते मलाच?
गाडीत बसून रडले थोडी, मग हीटर लावला.
त्या रडण्याला तक्त्यात जागा नव्हती.

पहिल्या रात्री त्याला जेवायला
एक तास चाळीस मिनिटं लागली.
एकेक मटार.
मध्येच थांबून माझ्या कमरेकडे बघायचा,
वादळ येणार म्हणून सांगितलेलं
आणि न आलेलं,
अशा आभाळाकडे बघावं तसं.
मी बसून राहिले.
बसून राहणं हेही काम असतं
हे पगाराच्या पावतीवर कुठे लिहीत नाहीत.

परवा पोस्टात, रांगेत,
कुणाच्या तरी पट्ट्याला किल्ल्या खुळखुळल्या
आणि माझा हात
आपसूक माझ्या पिशवीवर गेला, आतल्या डब्यावर.

सगळं नीट झालं असं नाही.
तीन सप्टेंबरला कप फुटला, भिंतीवर, दुपारी दोनला.
किल्ल्या रुमालात होत्या. कुणी उठलं नव्हतं.
रेडिओ बंद होता.
मी तक्ता उघडला, पहिल्या रकान्यापाशी
बराच वेळ पेन धरून बसले,
आणि लिहिलं:
मला अजून कळलेलं नाही.

तो काचेपाशी उभा होता.
जहाज, म्हणाला. मोठ्या जहाजाचा शब्द.
मी केरसुणी घेऊन
त्याच्या पायांभोवतीचे तुकडे गोळा करत म्हटलं,
हो, दिसलं.
मला ढीगच दिसत होता.
मग वाकून, त्याच्या उंचीवरून पाहिलं,
आणि होतं.